डावी कड

सोमवार, ५ तारीख

आजी,

नमस्कार. फोनवर तुला 'हां, हां, जेवलीस का?' याच्यापुढे काही ऐकू येत नाही, म्हणून लिहिते आहे. खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंच्या फोनवर पाठवते आहे. त्यांना म्हणावं, आजीच्या चांगल्या कानाशी बसून सावकाश वाचा, आणि आईला यातलं काही कळू देऊ नका.

मला भीती वाटते आहे, आजी. गंमत नाही, खरोखरची.

मी इथे परदेशात कशाला आले ते तुला माहीत आहे. किडनी बंद पडलेल्या माणसाचं रक्त जे मशीन धुतं, त्याला लागणारं पाणी शुद्ध करायचे प्लांट आमची कंपनी बसवते आणि बिघडले की आम्ही दुरुस्त करतो. दोन महिने गावातल्या गावात काम होतं. लांब जायचं असलं की सिनिअर साहेब गाडी चालवायचे आणि मी शेजारी डुलक्या काढायचे. परवा ते बाथरूममध्ये घसरले आणि मनगट मोडून घेतलं. आणि आज सकाळी डोंगरावरच्या दवाखान्यातून फोन आला की तिथल्या प्लांटचे मेम्ब्रेन गेलेत. म्हणजे पाणी गाळणारे पडदे. साठवलेलं पाणी शुक्रवार दुपारपर्यंत पुरेल. सात पेशंट आहेत, आणि प्रत्येकाला दिवसाआड मशीनवर घ्यावंच लागतं.

वर जायला बस नाही. या दिवसांत टॅक्सीवाले घाट चढायला तयार होत नाहीत. ऑफिस म्हणतं, गाडी उभी आहे, तुझ्याकडे लायसन्स आहे, इथला परवानाही काढून दिलाय, तूच घेऊन जा. जमत नसेल तर तसं सांग, दुसऱ्या शहरातून माणूस पाठवू, तो सोमवारी पोचेल. सोमवारी! शुक्रवार ते सोमवार त्या सात जणांनी काय करायचं?

पण आजी, इथे सगळं उलटं आहे. गाड्या उजवीकडून चालतात, स्टिअरिंग डावीकडे. आज ऑफिसच्या आवारात फिरवून पाहिली. गिअर टाकायला गेले की हात दारावर आपटायचा. सिग्नल द्यायला गेले तर वायपर सुरू झाले, कोरड्या काचेवर खर्र खर्र. वॉचमन तोंड फिरवून हसत होता. पाट्या इथल्या लिपीत, एक अक्षर लागत नाही. नव्वद किलोमीटर सपाट रस्ता आणि मग पन्नास किलोमीटर घाट. घाटातून लाकडाचे ट्रक उतरतात.

बुधवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचं आहे. तू अकरा वर्षं आजोबांच्या ट्रकमध्ये बसलीस. तूच सांग, जाऊ की नको?

ठकू

---

मंगळवार, ६ तारीख

ठकूबाईंना आजीचा आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

पत्र पोचलं. मास्तरीणबाईंनी दोनदा वाचलं, एकदा मला ऐकवायला आणि एकदा स्वतःला रडू आलं म्हणून. त्यांचं मनावर घेऊ नकोस, त्यांना वाणसामानाची यादी वाचतानाही रडू येतं. फोटो काढून तुला पाठवायच्या या कागदावर हे लिहायला त्या तयार नव्हत्या. मी म्हटलं, मला वाचता येत नसलं तरी ओळी मोजता येतात, एक ओळ कमी पडली तर बघा.

पाट्या वाचता येत नाहीत म्हणून तुला रडू येतंय? अगं, मला जन्मात एक पाटी वाचता आली नाही, म्हणून मी काय दुसऱ्याच्या घरात शिरून संसार केला? सोळा वर्षं शाळा-कॉलेज करून बाईसाहेब शेवटी माझ्याच वर्गात येऊन बसल्या. ये, सरकून बसते. आता ऐक. पाटीवर अक्षराच्या आधी आकार असतो. लाल गोल दिसला की काहीतरी करू नको म्हणतायत, तिकोन दिसला की जपून. वळणावर रस्त्याला टायरच्या काळ्या रेघा दिसल्या की समजायचं, इथे लोकांना उशिरा अक्कल सुचली.

तुझ्या आजोबांच्या ट्रकवर क्लीनर टिकत नसे, कारण आजोबांना गाणं म्हणायची हौस होती आणि गळा नव्हता. म्हणून मी बसायला लागले. क्लीनरची जागा डावीकडे. माझं काम एकच, डावी कड बघायची. खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडायचं, 'येऊ द्या, येऊ द्या, हां, बस्स!' समोरचं आणि उजवं त्यांचं, डावं माझं. ती कड म्हणजे आईचा पदर समज ठकू. गर्दी असो, घाट असो, पदर सोडला नाही की पोर हरवत नाही. डावी कड सोडू नकोस, बाकी रस्ता आपला आपण येतो.

आणि गंमत बघ, तिकडे चाकच डावीकडे. म्हणजे तू माझ्याच जागेवर बसणार आणि वर गाडीही चालवणार. मला अकरा वर्षांत त्या चाकाला फडकं मारण्यापलीकडे हात लावू दिला नाही कोणी.

सात माणसं वाट बघतायत आणि एवढी शिकलेली घोडी चार चाकांना घाबरते? वॉचमन हसला तेच बरोबर. तुला जमत नसेल तर दे इकडे, मी चालवते!

आजी

---

बुधवार, ७ तारीख

आजी,

तुझं पत्र वाचून आधी हसले. मग राग आला. मग ऑफिसात जाऊन हो म्हणून आले.

उद्या सकाळी साडेसहाला निघायचं. खोकी गाडीत भरून ठेवली आहेत. 'दे इकडे, मी चालवते' हे मोठ्या अक्षरात लिहून स्टिअरिंगच्या समोर चिकटवलंय, म्हणजे हातपाय गळाले की तू दिसशील. सिनिअर साहेब म्हणाले, 'नको वाटत असेल तर अजूनही नाही म्हण, कोणी काही बोलणार नाही.' मी म्हटलं, 'माझी आजी बोलेल.'

खरं सांगू? डोळे मिटले की समोरून ट्रक येतो आणि मी चुकीच्या बाजूला असते.

एकच विचारायचं आहे. घरात हा विषय कोणी काढत नाही, पण आता काढते. आजोबांचे ब्रेक फेल झाले तेव्हा तू शेजारीच होतीस ना? ब्रेक लागलेच नाहीत तर घाटात काय करायचं असतं? त्यांनी काय केलं होतं? काय करायला हवं होतं? एवढं कळलं तर मला जरा धीर येईल.

ठकू

---

बुधवार, ७ तारीख, दिवेलागण

ठकू, जाऊ नकोस.

मास्तरीणबाई सकाळपासून मुलीकडे गेल्या होत्या. तुझं पत्र त्यांच्या फोनमध्ये दिवसभर पडून राहिलं आणि आत्ता वाचलं. तो चिकटवलेला कागद आधी फाड. हे पत्र वाचायच्या आधी फाड.

ब्रेक फेल झाले नव्हते.

सकाळी नऊच्या सुमाराला आम्ही घाटाच्या पायथ्याशी पोचलो होतो. धुकं असं, की बॉनेटच्या पुढे जग संपलेलं. आणखी चार ट्रक थांबलेले, ड्रायव्हर लोक चहाच्या टपरीवर. आजोबांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, 'निवळेपर्यंत थांबू.' तुझी आई तेव्हा चार वर्षांची, शेजारणीकडे ठेवलेली. लोकांना मी पुढे सांगायची की मला लेकीकडे जायची घाई होती. तेही खोटं. लेक मजेत होती. मला नुसती त्यांची चेष्टा करायची होती. ते लाजले की कानापर्यंत लाल व्हायचे, मला ते बघायला आवडायचं. चार माणसांच्या देखत म्हटलं, 'वीस वर्षं गाडी हाकताय आणि वाफेला घाबरता? द्या इकडे, मी चालवते!'

टपरीवरचे सगळे हसले. तेही हसले. कान लाल झाले. आणि त्यांनी चावी फिरवली.

तिसऱ्या वळणावर मी डावी कड बघत होते. कड होती, नीट दिसत होती. समोरून एक ट्रक अंगावर आला, त्याला चुकवताना आमची गाडी दरडीवर गेली. मी दारातून बाहेर फेकले गेले. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. त्यांना हाक मारली तेव्हा उत्तर आलं नाही.

मास्तरीणबाईंनी पेन खाली ठेवलंय. उचला बाई, अजून आहे.

लोकांनी विचारलं कसं झालं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, ब्रेक लागले नाहीत. एकदा निघालं ते निघालं. ब्रेकचं काम करणारा फिटर घरी आला. दारात उभा राहून म्हणाला, 'वहिनी, मी स्वतः तपासले होते हो.' मी त्याच्याकडे बघितलं नाही. लोक त्याच्याकडे गाड्या न्यायचे बंद झाले. वर्षभरात तो बायकोपोरांना घेऊन गाव सोडून गेला. चव्वेचाळीस वर्षं झाली. तुझी आई अजून कुठल्याही गाडीत बसताना ड्रायव्हरला विचारते, 'ब्रेक बघितलेत ना?' आणि मी खिडकीबाहेर बघते.

आणि आता तेच वाक्य तुला पाठवलं. जिभेला सवय, दुसरं काय. बोलून झाल्यावरही मला कळलं नाही. तू लिहिलंस, 'माझी आजी बोलेल', तेव्हा कळलं.

ठकू, तू घाबरलीस ते बरोबर होतं. नाही म्हण. लोक हसले तर हसू देत. मी काय बोलेन म्हणून निघाली असशील तर ऐक, मी एवढंच बोलेन की माझी नात घरी आली.

हे निघायच्या आधी वाच.

आजी

---

शुक्रवार, ९ तारीख

ठकू,

काल दिवस गेला, आज दुपार झाली. तुझं काही नाही.

मास्तरीणबाईंनी शिकवलं, पत्र वाचलं गेलं की त्याच्याखाली दोन निळ्या खुणा उमटतात. अक्षर नाही कळत मला, पण निळा रंग कळतो. काल सकाळपासून दर थोड्या वेळानं जिना उतरून त्यांच्याकडे जात होते. करड्या, करड्या, करड्या. शेवटी त्यांनी फोनच माझ्या मांडीवर दिला. अकराच्या पुढे निळ्या झाल्या.

म्हणजे साडेसहाला वाचलंच नव्हतंस. अकराला वाचलंस. कुठे वाचलंस? निघालीच नव्हतीस, की वाटेत होतीस? की गाडी कुठेतरी पडली आहे आणि तुझा फोन दुसऱ्याच कोणी उघडला? मास्तरीणबाई म्हणतात, असं अभद्र लिहू नका. म्हटलं, डोक्यात आहे तेच लिहायचं, तुम्ही काय परीक्षेचा पेपर तपासताय?

फोन लावला तर कोणी बाई त्यांच्या भाषेत काहीतरी सांगते आणि बंद करते. मास्तरीणबाईंनी तीनदा ऐकलं. त्या म्हणतात, रेंज नाही असं सांगत असेल. त्यांना तरी कुठे कळतंय.

तुझ्या आईला सांगितलेलं नाही. ती पलीकडे तुझ्यासाठी उशांचे अभ्रे शिवते आहे, मशीनचा आवाज येतोय. दर वेळी आवाज थांबला की वाटतं, तिला कोणाचा तरी फोन आला.

एक शब्द पाठव. शब्द नको, नुसतं टिंब पाठव. टिंब मला वाचता येतं.

आजी

---

शनिवार, १० तारीख

आजी,

.

हे घे टिंब. मी जिवंत आहे, धड आहे. वर दवाखान्यात आहे. इथे फोनला रेंज नाही, दवाखान्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसून लिहिते आहे.

गुरुवारी निघताना फोन बॅगेत ठेवून दिला होता, गाडी चालवताना तिकडे लक्ष जाऊ नये म्हणून. तुझं पत्र त्यात होतं, मला माहीत नव्हतं. साठ किलोमीटर बरी गेले. ताशी चाळीसच्या वर काटा नाही, मागचे हॉर्न वाजवून बेजार. समोरच्या गाडीच्या मागे मागे राहायचं, ती करेल ते करायचं. मग पाणी प्यायला रस्त्याकडेच्या एका दुकानाशी थांबले. पाणी प्याले, तोंड धुतलं, जरा हलकं वाटलं. परत रस्त्यावर आले तेव्हा मागे-पुढे एकही गाडी नव्हती.

मला बरं वाटत होतं, आजी. पहिल्यांदाच. डाव्या बाजूला पांढरी रेघ होती, तिला अगदी चिकटून चालवत होते. तुझा आवाज कानात होता, डावी कड सोडू नकोस, आईचा पदर. किती वेळ गेला कोण जाणे, दोन मिनिटं असतील. वळणावरून दुधाचा टँकर आला. सरळ माझ्याच अंगावर. मला वाटलं, हा मूर्ख चुकीच्या बाजूने काय येतोय! त्याने दिवे मारले, हॉर्न दाबून धरला. टँकरच्या पुढच्या काचेत त्या माणसाचं तोंड उघडलेलं दिसलं, तेव्हा कळलं की चुकीच्या बाजूला मी आहे.

त्याने वळवला. मी वळवली नाही. माझे हात हललेच नाहीत. तो बांधावर चढला आणि माझा आरसा घेऊन गेला. नुसता आरसा.

तो उतरून आला. खूप ओरडला. मग माझ्याकडे बघून ओरडायचा थांबला, बाटली उघडून माझ्या हातात दिली आणि बोटाने दाखवलं, उजवीकडे, उजवीकडे. लहान मुलाला दाखवतात तसं.

पुढचे तीस किलोमीटर कशी आले ते आठवत नाही. घाटाच्या पायथ्याशी पेट्रोल पंप आहे. तिथे पोचले तर समोर डोंगरच नाही, नुसतं पांढरं. लाकडाचे ट्रक रांगेने थांबलेले. दवाखान्याचा नंबर शोधायला फोन काढला, आणि तुझं पत्र दिसलं.

तेव्हाच तुला कळवायला हवं होतं. नाही कळवलं. मला तुझा राग आला होता. एवढा राग मला कधी कोणाचा आला नव्हता. चव्वेचाळीस वर्षं आई प्रत्येक ड्रायव्हरला ब्रेकचं विचारते आहे आणि तू खिडकीबाहेर बघतेस! तिथे बसून मी तो कागद फाडला आणि रडले. पंपावरची बाई काचेवर टकटक करून गेली, मी दार उघडलं नाही.

मग दवाखान्यात फोन लावला. नर्सला म्हटलं, 'मी पायथ्याशी आहे. माझ्याने घाट चढवणार नाही.' वाटलं, आता ही काहीतरी लागेल असं बोलणार. ती म्हणाली, 'बरं. सामान किती आहे?'

एवढंच. दोन तासांत अँब्युलन्स खाली आली. पांढऱ्या केसांचा ड्रायव्हर, एकोणीस वर्षं याच घाटात. त्याने खोकी स्ट्रेचरवर झोपवून पट्टे बांधले, पेशंटसारखे. सोमवारपासून हे कोणालाच सुचलं नव्हतं, कारण मी कोणाला विचारलंच नव्हतं. मला वाटत होतं, एकतर चालवायची नाहीतर हरायचं. वर जाताना धुकं दाटलं की तो गाडी बाजूला घ्यायचा, इंजिन बंद करायचा आणि निवांत सफरचंद खात बसायचा. दोनदा थांबला. त्याला कोणी काही म्हटलं नाही.

रात्रीपर्यंत पडदे बदलले, सकाळी पाणी तपासलं, शुक्रवारी दुपारी पहिल्या बाईंना मशीनवर घेतलं. त्या शिवणकाम करतात. चार तास माझ्या कुर्त्याच्या उसवलेल्या बाहीकडे बघत होत्या, शेवटी सुई-दोरा मागून घेतला आणि मोकळ्या हाताने टाका घालायला लागल्या. नर्स रागावली. सातही जण ठीक आहेत.

आता ऐक. उद्या अँब्युलन्स मला पायथ्याशी सोडणार. गाडी पंपावरच आहे, एका आरशाची. तिथून नव्वद किलोमीटर सपाट. मी चालवत जाऊ शकते. किंवा पंपावरच्या बाईंकडे खोली आहे, बुधवारी ऑफिसचा माणूस येऊन गाडी नेईल तोवर तिथे राहू शकते. सगळे म्हणतात, तुला वाटेल तसं कर. मला काय वाटतं तेच मला कळत नाही.

राग अजून आहे. तरी तुलाच विचारते आहे. चेष्टा न करता सांग, चालवू की नको?

ठकू

---

रविवार, ११ तारीख

ठकू,

टिंब पोचलं. मास्तरीणबाईंनी बोट ठेवून दाखवलं. मी म्हटलं, कळलं, पुढचं वाचा. पण त्यांना पुढचं लगेच वाचता येईना, आणि या वेळी मी त्यांना काही बोलले नाही.

टँकरचं तीनदा वाचून घेतलं. तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, तिकडे गाड्या उजवीकडून चालतात. मी ऐकलंही होतं. ऐकून वर तुला सांगितलं, डावी कड सोडू नकोस. चाक माझ्या बाजूला आलं याच आनंदात होते मी, त्याबरोबर रस्ताही फिरला हे डोक्यात शिरलं नाही. एका आजीनं एकाच कागदावर दोन वेळा नातीला मारायची सोय केली. त्या टँकरवाल्याला माझ्या वाट्याचं सगळं आयुष्य मिळो.

रागाचं म्हणशील तर राहू दे. तो ठेव. लवकर सोडू नकोस.

तुझ्या आईला काल संध्याकाळी सांगितलं, सगळं. मशीन थांबवून ती ऐकत होती. मध्ये एकदा विचारलं, 'त्या फिटरच्या मुलीबरोबर मी खेळायचे, ती मग दिसली नाही, ती त्यामुळे?' मी म्हटलं, हो. ती उठून गच्चीवर गेली. आज सकाळी खाली आली, माझा चहा माझ्यापुढे ठेवला आणि मशीनवर जाऊन बसली. अजून बोललेली नाही. फिटर आता कुठे आहे, आहे की नाही, मास्तरीणबाई चौकशी करतायत. सापडला तर पुढचं पत्र त्याला. त्याच्या घरी वाचणारं कोणी असेल की नाही देव जाणे.

मला फार भीती वाटते, ठकू. तू त्या गाडीत बसणार म्हणूनही वाटते आणि बसणार नाहीस, चार दिवस परक्या खोलीत एकटी राहशील, म्हणूनही वाटते. भीती कुठल्या बाजूची खरी ते मला ओळखता येत नाही. कधीच येत नव्हतं, म्हणून तर चेष्टा करायची.

तू विचारलंस, चालवू की नको. उत्तर माझ्या जिभेवर तयार आहे, तुला ठाऊक आहे मी कशी आहे ते. अगदी टोकावर आहे. मास्तरीणबाई पेन धरून बसल्यात, विचारतायत, 'पुढे काय लिहू?' म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या, 'अहो, अजून अर्धं पान कोरं आहे.'

राहू द्या कोरं. फोटोत तेवढंही येऊ द्या, कापू नका. इथे आजी गप्प बसली आहे, हे तिला दिसू दे.